यात नवे काय?

पुस्तक-परीक्षण लिहिणाऱ्याच्या लेखणीला एक वाक्य फार लवकर वश होते. ‘यात नवे काही नाही’ हे ते वाक्य. ते लिहावयास श्रम पडत नाहीत, त्याचा पुरावा कोणी मागत नाही, आणि ते लिहिणारा आपोआपच थोडा बहुश्रुत ठरतो. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी एका कथासंग्रहाविषयी मी ते लिहिले. लेखिकेचे ते पहिलेच पुस्तक होते. पुढे त्यांचे दुसरे पुस्तक आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. माझ्या परीक्षणामुळे असे झाले, असे मानण्याइतका मी स्वतःला मोठा समजत नाही. परंतु त्या एका वाक्याचा हिशेब माझ्या मनात अद्याप मिटलेला नाही, हे मात्र खरे.

गेल्या काही वर्षांत माझ्या वाचनात माहितीच्या सिद्धान्तावरची काही पुस्तके आली. हा माझा विषय नव्हे. मी तिकडे वळलो तो एका शब्दामुळे. ही मंडळी माहितीच्या ‘आशया’ची व्याख्या करू पाहतात, आणि आशय हा आम्हा टीकाकारांच्या धंद्यातला शब्द. आशय आणि अभिव्यक्ती यांच्या संबंधावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले; परंतु आशय किती आहे हे मोजता येईल, असे आपल्यापैकी फारसे कोणाच्या मनात आले नव्हते. या गणित्यांनी ते मोजण्याचे साधनच पुढे केले. ते साधन म्हणजे संभाव्यता. एखादी गोष्ट घडण्याची अपेक्षा जितकी कमी, तितकी ती घडल्याच्या वार्तेत माहिती अधिक. म्हणजे ‘यात नवे काय?’ या आमच्या नेहमीच्या प्रश्नालाच त्यांनी आकडा जोडून दिला. तो आकडा कितपत भरवशाचा आहे हे टीकाकाराच्या नजरेने तपासावे, आणि जमल्यास माझे ते जुने वाक्यही त्याच फूटपट्टीला लावून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या विचाराचा उगम सामान्यतः क्लॉड शॅनन यांच्या निबंधात मानला जातो. शॅनन हे अमेरिकेतील बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत गणिती होते. संदेशवहनाच्या गणिती सिद्धान्तावरचा त्यांचा निबंध १९४८ च्या जुलै आणि ऑक्टोबरमध्ये त्या संस्थेच्या नियतकालिकात आला, आणि पुढच्याच वर्षी वॉरन वीव्हर यांच्या विवेचनासह पुस्तकरूपाने निघाला. त्यातले मूळ माप अगदी साधे आहे. नाणे उडवले, छापा की काटा हे कळले, की एक ‘बिट’ माहिती मिळाली. बत्तीस सारख्याच संभाव्य गोष्टींपैकी कोणती घडली हे कळले, तर पाच बिट. कारण बत्तीसचे सोळा, सोळाचे आठ, आठचे चार, चाराचे दोन आणि दोनाचा एक, असे पाच वेळा निम्मे केले की उत्तर हाती येते. जी गोष्ट घडणारच होती, ती घडल्याचे कळल्याने मात्र माहिती शून्य.

आमच्या पिढीला याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. आपल्या देशातली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. तोवर शुभेच्छांच्या तारेची एक खास सोय असे. ठरावीक वाक्यांची यादी तारकचेरीत लावलेली असे आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक असे. विवाहाच्या शुभेच्छांचा एक, परीक्षेतल्या यशाचा एक, दिवाळीचा एक. पाठवणाऱ्याने क्रमांक तेवढा सांगायचा. तारेतून तोच जाई, आणि पलीकडच्या कचेरीत पूर्ण वाक्य कागदावर उतरून घरी येई. शॅनन यांचा सिद्धान्त ठाऊक नसताना यादी करणाऱ्यांनी तो अमलात आणला होता, असे म्हणावयास हरकत नाही. वाक्य कितीही लांब आणि कितीही गोड असो, बत्तिसांतले एक निवडायचे असेल तर पाच बिटांपेक्षा अधिक काही तारेतून जात नाही. आणि ऐन दिवाळीत आलेली तार दिवाळीच्याच शुभेच्छांची असणार, हे उघड असल्यामुळे तेही पाच बिट जवळजवळ शून्यावर येतात.

माझ्या लहानपणी आमच्या घरी अशी तार येत असे. ती मामांची असे. मामा रेल्वेत होते. भाऊबिजेला त्यांनी आमच्याकडे यावे अशी आईची इच्छा, आणि रजा मिळणे न मिळणे साहेबाच्या मर्जीवर. रजा मिळाली तर मामा स्वतः येत. नाही मिळाली, तर धनत्रयोदशीच्या सुमारास तार. ती मी वाचून दाखवीत असे. मला त्यात दिवाळीच्या शुभेच्छा दिसत, आणि ‘यात काय विशेष?’ असे वाटे. आई मात्र ऐकून घेई, कागदाची घडी घाली, आणि भाऊबिजेसाठी काढून ठेवलेले ताट फडताळात परत ठेवी. तिने त्या तारेत ‘भाऊ येत नाही’ हे वाचलेले असे. मामा येतील की नाही हे तिच्या लेखी निम्मे-निम्मे होते. तारेने तो प्रश्न मिटवला. शुभेच्छांच्या वाक्याचे मोल शून्य, पण मामांच्या येण्याविषयी त्याच कागदाने आईला एक संपूर्ण बिट दिला होता.

येथेच पहिला महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. शब्द किती अपेक्षित होते, हा एक प्रश्न. त्या शब्दांनी कशाविषयीची अनिश्चितता घटवली, हा दुसरा प्रश्न. शॅनन यांना पहिल्याशी कर्तव्य होते, आणि त्यांनी ते लपवलेले नाही. संदेशाला अर्थ असतो, परंतु यंत्रविद्येच्या प्रश्नात तो गैरलागू आहे, असे त्यांनी आरंभीच बजावले आहे. घोटाळा पुढच्या मंडळींनी केला. हे माप अर्थाच्या प्रांतातही थोडेबहुत चालेल अशी आशा वीव्हर यांच्या विवेचनातच डोकावते, आणि पुढे अनेकांनी ती आशा हाच सिद्धान्त मानला.

त्याचा परिणाम काय होतो तो आकड्यांतच पाहावा. १९५१ साली शॅनन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी पुस्तकातला उतारा झाकून ठेवायचा, आणि माणसाला पुढचे अक्षर ओळखावयास सांगायचे. चुकला तर पुन्हा. अशा अटकळींवरून त्यांनी हिशेब केला, की मागचा पुरेसा मजकूर ठाऊक असेल तर छापील इंग्रजीच्या एका अक्षरात सुमारे एकच बिट माहिती असते. उलट सव्वीस अक्षरे आणि मोकळी जागा अशी सत्तावीस चिन्हे चिठ्ठ्या टाकून वाटेल तशी जुळवली, तर प्रत्येक चिन्हात सुमारे ४.७५ बिट. म्हणजे या मापाने सर्वांत आशयघन मजकूर कोणता, तर निव्वळ बरळणे! अनपेक्षितता म्हणजेच आशय असे मानणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. शब्दाला शब्द चमत्कारिकपणे भिडवला की कविता सघन होते, अशी समजूत आपल्याकडेही अधूनमधून डोके वर काढते. तिचे बळ याच चुकीत आहे. धक्का आणि माहिती यांत अंतर आहे, आणि ते अंतर मोजण्याची सोय या पहिल्या मापात नाही.

अर्थाकडे पहिले पद्धतशीर पाऊल टाकले ते रुडॉल्फ कारनाप आणि येहोशुआ बार-हिलेल यांनी, १९५२ साली. त्यांनी संदेशाऐवजी विधान घेतले. विधान जितक्या शक्यता नाकारते तितका त्याचा आशय मोठा. ‘उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही’ या विधानाने काहीच नाकारले जात नाही. त्याचा आशय शून्य. ‘उद्या दुपारी पाऊस पडेल’ यात पुष्कळ नाकारले गेले, आशय मोठा. हे मनाला पटते. परंतु याच न्यायाने ‘उद्या पाऊस पडेल आणि पडणार नाही’ हे विधान तर सर्वच शक्यता नाकारते. तेव्हा सर्वांत मोठा आशय त्याचा! हा विपरीत निष्कर्ष त्या दोघांनी प्रामाणिकपणे मान्य केला. त्यांच्या मते असे विधान इतके काही सांगून जाते, की ते खरे असूच शकत नाही. पण ज्या मापात विसंगत बडबड सर्वांहून श्रीमंत ठरते, त्या मापातून काहीतरी निसटले आहे हे सांगावयास तर्कशास्त्री असण्याची गरज नाही.

निसटले आहे ते दोन ठिकाणी. एक, ऐकणारा. दोन, सत्य. आधी ऐकणाऱ्याकडे वळू.

संभाव्यता म्हटली की ‘कोणाच्या मते?’ हा प्रश्न येतोच. नाण्याच्या बाबतीत तो टाळता येतो. मामांच्या रजेच्या बाबतीत नाही. फ्रँक रॅम्सी या केंब्रिजच्या तरुण तत्त्वज्ञाने १९२६ साली लिहिलेल्या निबंधात संभाव्यता म्हणजे माणसाच्या विश्वासाची मात्रा, अशी भूमिका घेतली. निबंध छापून आला तो १९३१ साली. तोवर रॅम्सी वयाच्या सव्विसाव्या वर्षी वारले होते. मात्रा मोजायची कशी, याचे त्यांचे एक उदाहरण मला फार आवडते. वाटसरू दोन वाटांच्या फाट्यावर उभा आहे. एक वाट बरोबर असावी असे त्याला वाटते, खात्री नाही. शेतापलीकडे अर्ध्या मैलावर माणूस दिसतो. त्याला विचारावयास वाटसरू वाकडी वाट करील काय? खात्री जितकी अधिक, तितके अंतर तो कमी तोडील. विश्वास बोलण्यातून न मोजता पायपिटीतून मोजावा, हा यातला विचार. आईचा विश्वासही असाच ताटावरून मोजता आला असता. निम्मी शक्यता असतानाही ते फडताळातून बाहेर निघत असे, यावरूनच भाऊ येण्याला ती किती मोल देत होती ते कळते.

ऐकणाऱ्याला व्याख्येतच स्थान दिले ते फ्रेड ड्रेट्स्की यांनी, १९८१ सालच्या ज्ञान आणि माहितीच्या प्रवाहावरील ग्रंथात. त्यांची व्याख्या थोडक्यात अशी: एखादी खूण अमुक गोष्टीची माहिती देते असे केव्हा म्हणावे? तर ऐकणाऱ्याला आधी ठाऊक असलेले आणि ही खूण, दोन्ही मिळून ती गोष्ट पूर्ण निश्चित होत असेल, आणि केवळ आधीच्या ठाऊक गोष्टींवरून ती निश्चित होत नसेल, तेव्हा. त्यांचे उदाहरण पालथ्या घातलेल्या चार कवचांचे आहे; आपण वाट्या घेऊ. चारांपैकी एकीखाली शेंगदाणा आहे. पहिल्या दोन रिकाम्या आहेत हे तुम्ही पाहिले आहे, मी पाहिलेले नाही. आता तिसरी उघडली, रिकामी. तुम्हाला कळले की दाणा चौथीखाली आहे. मला तेवढे कळले नाही. दोघांनी पाहिले ते एकच, पण मिळालेली माहिती वेगळी.

हे वाचताना मला आपला मम्मट आठवला. ‘सूर्य मावळला’ एवढेच वाक्य. ते गुराख्याला गाई वळवण्याची वेळ सांगते, संध्या करणाऱ्याला संध्येची, अभिसारिकेला निघण्याची, दुकानदाराला माल आवरण्याची. काव्यप्रकाशात अकराव्या शतकाच्या आसपास आलेला हा दाखला ध्वनीच्या समर्थनासाठी आहे, माहितीच्या मापनासाठी नाही, हे मी विसरत नाही. तथापि वक्ता, श्रोता आणि प्रसंग यांच्या वैशिष्ट्यामुळे एकाच वाक्यातून निरनिराळे अर्थ निघतात हा त्यातला मुद्दा, आणि ड्रेट्स्की यांनी इंग्रजी ‘के’ या एका अक्षरात कोंडलेले श्रोत्याचे पूर्वज्ञान, यांचे गोत्र एकच आहे. आपल्या काव्यशास्त्राने ‘सहृदय’ नावाची व्यक्ती गृहीत धरली. या शास्त्राला ती १९८१ साली एका अक्षराच्या रूपाने का होईना, घरात घ्यावी लागली.

ड्रेट्स्की यांच्याशी माझा मतभेद आहे तो त्यांच्या ‘पूर्ण निश्चित’ या अटीविषयी. संभाव्यता एक झाली पाहिजे. शंभरात नव्याण्णव असली तरी माहिती नाही. अट विनाकारण नाही. वार्ता हातोहात जाते. प्रत्येक हातात ती शंभरात पंच्याण्णव भरवशाची राहते असे धरले, तर दहा हातांनंतर भरवसा शंभरात सुमारे साठावर येतो. मग कोणत्या हातापर्यंत तिला माहिती म्हणावे आणि कोठून अफवा? ही अडचण टाळण्यासाठी त्यांनी दारच बंद केले. पण बंद दाराआड कोणी राहत नाही. एके वर्षी मामांची तार आली, आईने ताट ठेवून दिले, आणि भाऊबिजेच्या दिवशी दिवेलागणीला मामाच दारात उभे! शेवटच्या क्षणी रजा मिळाली होती. तेव्हा तारेवरून मामांचे न येणे पूर्ण निश्चित होत नव्हते, हे सिद्धच झाले. म्हणून इतर साऱ्या वर्षी आईला काही कळलेच नव्हते, असे म्हणावयाचे काय? मला वाटते, माहितीचे काम विश्वासाला शेवटच्या पायरीवर नेणे नसून त्याची पायरी बदलणे हे आहे. निम्म्यावरून शंभरात पंच्याण्णवावर नेले, तरी ती माहितीच. व्यवहारातली आणि वाङ्मयातली सगळी माहिती याच जातीची असते.

मात्र पायरी बदलणे एवढेच पुरेसे धरले, तर दुसरी निसटलेली गोष्ट आडवी येते. खोटी तारही विश्वासाची पायरी बदलते. अफवा तर खऱ्या बातमीहून वेगाने बदलते. तेव्हा विश्वास हलला पाहिजे, आणि तो सत्याच्या दिशेने हलला पाहिजे, अशा दोन्ही अटी हव्यात. याही बाबतीत आपल्याकडची एक जुनी व्याख्या मदतीला येते. धर्मराजाध्वरीन्द्रांच्या वेदान्तपरिभाषेत यथार्थ ज्ञान स्मृतीहून वेगळे काढताना दोन विशेषणे लावली आहेत: ‘अनधिगत’, म्हणजे पूर्वी न कळलेले, आणि ‘अबाधित’, म्हणजे पुढे खोटे न ठरणारे. बरळणे अनधिगत असते, पण अबाधित असण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. पावसाविषयीचे ते विसंगत विधान जन्मतःच बाधित. पाढे अबाधित असतात, पण अनधिगत नसतात. शॅननपासून निघालेली वाट अनधिगताच्या मोजणीत फार पुढे गेली. अबाधिताची आठवण तिला उशिरा झाली.

या व्याख्येवर पुढे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टीकाकाराच्या थेट कामाचा आहे. समोरचा घट मी सतत पाहत राहिलो, तर दुसऱ्या क्षणीचे ज्ञान अनधिगत कसे? पहिल्या उत्तराचा सारांश असा, की दुसरा क्षण पहिल्या ज्ञानाने कवळलेला नव्हता. घट तोच, पण ‘आताचा घट’ नवा. प्रथम वाचनात मला हे उत्तर निव्वळ शब्दच्छल वाटले. आता वाटत नाही. तीच कविता आपण विसाव्या वर्षी वाचतो आणि साठाव्या वर्षी वाचतो. ओळी पाठ असतात. पुढचा शब्द ओळखण्याच्या प्रयोगात आपण एकदाही चुकणार नाही. शॅननच्या मापाने माहिती शून्य. परंतु कविता स्वतःच्या ओळींविषयी कोठे सांगत असते? ती ज्याविषयी सांगते त्याबाबतचे आपले पूर्वज्ञान चाळीस वर्षांत पालटलेले असते. तिसरी वाटी तीच; आपण मात्र दरम्यान पहिल्या दोन उघडून आलेलो असतो.

सारांश, माहितीचा आशय हा वाक्याच्या पोटात ठेवलेला ऐवज नव्हे. कोणाला, कशाविषयी, आधी काय ठाऊक असताना, आणि सत्याच्या दिशेने किती, या चार प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय त्याचा आकडा सांगता येत नाही. संभाव्यतेचे गणित यांतल्या शेवटच्या ‘किती’ला उपयोगी पडते. पहिल्या तिघांची उत्तरे त्याला बाहेरून पुरवावी लागतात, आणि ती पुरवणारा चुकला तर गणित बिनचूक असूनही उत्तर चुकते.

आता माझे वाक्य. त्या कथासंग्रहातल्या बहुतेक कथा घरातल्या बायकांच्या होत्या. एका कथेत काहीच घडत नाही. एक बाई सकाळी स्वतःसाठी चहा करते, कोणीतरी हाक मारते, चहा निवतो. ती तो पुन्हा गरम करते, पुन्हा हाक येते. तिसऱ्यांदा ती तो मोरीत ओतून देते आणि भाजी चिरायला बसते. एवढेच. मी लिहिले की हे सर्व परिचित आहे, घरोघरी दिसणारे आहे, आणि लेखिकेने त्यात नवे काही सांगितलेले नाही. परीक्षण छापून आले तेव्हा ते पुस्तक घरात पडलेले होते. आईने ते वाचून काढले. शेवटचे पान मिटून ती म्हणाली,

“ह्यातलं सगळं मला ठाऊक होतं रे.”

मला आनंद झाला. मी म्हणालो, “आई, मग तेच तर लिहिलंय मी.”

“तसं नव्हे,” ती म्हणाली. “हे आणखी कुणाला ठाऊक आहे, हे मला ठाऊक नव्हतं.”

तेव्हा मी हसलो असेन. या वाक्याचे वजन कळावयास मला मधली वर्षे लागली. चहा निवतो, यात आईला एका बिटाचीही माहिती नव्हती. ते तिच्या लेखी निश्चितच होते. पण आणखी एका बाईने ते पाहिले, ते लिहिण्याजोगे मानले, आणि कोणी ते छापले, याची शक्यता तिने आयुष्यभर जवळजवळ शून्य धरली होती. पुस्तकाने ती शक्यता एका दुपारी एकावर आणली. मामांच्या तारेत जसे शुभेच्छांच्या वाक्यात काही नव्हते आणि तारेच्या येण्यात सारे होते, तसेच येथे झाले. तार वाचून दाखवणाऱ्या मुलाला जे दिसले नव्हते, ते परीक्षण लिहिणाऱ्या तरुणालाही दिसले नाही. आणि मला तरी खरोखर ते ठाऊक होते काय? निवलेला चहा मी पाहिला होता, हाका मारणाऱ्यांतही मी होतो. पण तो चहा मोरीत जाताना मी एकदाही पाहिला नव्हता. घरोघरी दिसते असे मी लिहिले ते न पाहता.

‘यात नवे काही नाही’ हे वाक्य पुस्तकाविषयी आहे असे दिसते. वास्तविक ते वाचणाऱ्याच्या पूर्वज्ञानाविषयीचे, आणि पुष्कळदा त्या पूर्वज्ञानाबद्दलच्या त्याच्या गैरसमजाविषयीचे निवेदन असते. ते लिहूच नये असे मी म्हणत नाही. काही पुस्तकांत खरोखरच कोणासाठीही काही नसते. परंतु ते लिहिताना ‘कोणाला?’ आणि ‘कशाविषयी?’ हे दोन प्रश्न तरी परीक्षकाने स्वतःला विचारावेत. मी ते विचारले नाहीत. त्या लेखिकेच्या हाती हा अंक पडेल की नाही, हे मला सांगता येत नाही. पडलाच, तर हा लेख त्यांनी त्या परीक्षणाचे शुद्धिपत्र समजावे.